ओट्याची उंची

"साहेब कुठे आहेत?"

हा प्रश्न मला आयुष्यात किती वेळा विचारला गेला, त्याची मोजदाद मी कधीच सोडून दिली. ठाकुर्लीच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली घेऊन मी ऑफिस थाटलं. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली आणि पाटीवर ठसठशीत अक्षरांत 'आर्किटेक्ट' असं रंगवून घेतलं. त्या पाटीखालून आत येणारा माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे, आणि विचारायचा, "साहेब कुठे आहेत?" मी सांगायची, "मीच." मग तो समजूतदारपणे हसायचा. "नाही, म्हणजे मोठे साहेब?" माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात आणि ते खरं आहे. पहिले दोन महिने मी तो आवरला. तिसऱ्या महिन्यात एका गृहस्थांना सांगितलं, "साहेब आतल्या खोलीत आहेत, पण ते फक्त बायकांशी बोलतात. उद्या मिसेसना पाठवा." आतली खोली नव्हतीच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेस खरंच आल्या, आणि त्यांचं स्वयंपाकघर हे माझं पहिलं काम ठरलं.

आता माझी साठी उलटली. 'आपल्या भागातल्या पहिल्या महिला आर्किटेक्ट' म्हणून सत्कार होतात आणि शाली कपाटात मावत नाहीत. पहिली असण्यात कर्तबगारी थोडी आणि एकटेपणा जास्त असतो, पण ते शाल अंगावर असताना बोलायचं नसतं. सत्कारात माझ्या कामांची यादी वाचतात. शाळा, दवाखाना, सोसायट्या, मानपाड्याकडे कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींचं वसतिगृह. त्या यादीत एक इमारत कधीच नसायची, कारण ती माझी आहे हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातला मासळीबाजार. तीसेक वर्षं तो रिकामा उभा होता. माझ्या बाकी सगळ्या इमारतींत माणसं राहत होती, शिकत होती, भांडत होती. या एका इमारतीत, ती ज्यांच्यासाठी बांधली त्या बायका बसत नव्हत्या. त्यांना तिथे बसलेलं बघायचं, एवढी एकच गोष्ट माझी राहून गेली होती.

ती चूक कशी झाली हे सांगायचं तर आधी आमच्या घरातला ओटा सांगायला हवा.

मी सहा वर्षांची असताना आम्ही चाळीतल्या खोलीतून डोंबिवलीतल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. चाळीत आई जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. तिची पाठ, तिचे गुडघे, चुलीपासून पाण्याच्या पिंपापर्यंत दिवसातून शंभरदा उठबस, हे सगळं मला घराचा भागच वाटायचं. नव्या घरात स्वयंपाकघराला ओटा होता. काळ्या दगडाचा, भिंतीलगत, उभ्यानं काम करायचा. पहिल्या दिवशी आई त्या ओट्यापाशी उभी राहिली, पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "अगं, मला खिडकीतून रस्ता दिसतोय." दिवसभर ती येणाऱ्या-जाणाऱ्याला तो रस्ता दाखवत होती. जमिनीवरून उठलेली बाई म्हणजे सुटलेली बाई, हे समीकरण माझ्या डोक्यात त्या दिवशी पक्कं झालं. मी आर्किटेक्ट झाले ती त्या ओट्यामुळे, असं मी मुलाखतींत सांगत आले आहे. त्यातला पुढचा भाग गाळत आले, एवढंच.

ऑफिस सुरू होऊन चार वर्षं झाली असतील. कोळीवाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायकांनी बाजारासाठी अर्ज केला होता. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या बाजूला मासळीच्या पाट्या मांडून त्या बसायच्या. अर्ज मंजूर झाला, आणि बायकांचं काम म्हणून कोणाला तरी बाई आर्किटेक्टची आठवण झाली. अर्जाचा कागद माझ्या हातात आला. खाली सह्या कमी आणि अंगठेच जास्त. वर एकच मागणी होती: 'आम्हाला बाजारात चांगले ओटे बांधून द्यावेत.'

ओटे! मला गहिवरून आलं. मी त्या रात्री नाही तरी त्या आठवड्यात नक्कीच थोडी हवेत चालत होते. माझ्या आईला मिळालं ते या बायकांना मी देणार होते. मी बत्तीस इंच उंचीचे ओटे काढले. पांढऱ्या टाइल्स, प्रत्येकीला स्वतंत्र नळ, मधोमध सिंक, मागे बाईला ऐसपैस उभं राहता येईल एवढी जागा. वर उंच छप्पर, हवा खेळती. फरशीला असा उतार दिला की टाकलेली बादली थेट नाल्यात जावी. मी कोळीवाड्यात चार वेळा गेले, जागा मोजली, दिशा बघितल्या, भरती-ओहोटीची चौकशी केली. मासे कापणाऱ्या बाईकडे मात्र दोन मिनिटं उभं राहून बघितलं नाही. आमचं घर पक्कं शाकाहारी. मासळीबाजारावरून जाताना नाकाला पदर लावायचा, हेच शिक्षण. नाकाला रुमाल लावून मी मासळीबाजाराचा नकाशा काढला, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

एका माणसाने मला सावध केलं होतं. साइटवरचे मिस्त्री. वयाने माझ्या वडिलांएवढे. पहिला ओटा बांधून झाल्यावर ते बाजूला येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, एक विचारू? बायका बसनार कुठं?"

"बसायचं नाहीच आहे. उभ्यानं काम करायचं," मी म्हटलं.

"नाय, पन ओटा म्हंजे…"

"ओटा म्हणजे काय ते मला कळतं. तुम्ही ड्रॉइंगप्रमाणे करा."

तुम्ही म्हणाल, केवढा हा तोरा. खरं आहे. पण त्याच साइटवर महिनाभर प्रत्येक जण मला साहेबांचा पत्ता विचारत होता. माझं कोणी ऐकत नाही म्हणून मी इतकी चिडलेली असायची की कोणी काही सांगायला आलं की मला तो हल्लाच वाटायचा. माझं ऐकलं जावं म्हणून झगडता झगडता मी ऐकायचं विसरले होते.

बाजाराचं उद्घाटन झालं. दारापाशी संगमरवरी दगड बसवला, त्यावर पाहुण्यांची नावं, अध्यक्षांची नावं, कंत्राटदाराचंही नाव. माझं नव्हतं. मी तिथल्या तिथे भांडले. पुढच्या आठवड्यात नवा दगड लावू, असं कबूल करवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा बाजार रिकामा होता. बायका बाहेर, पूर्वीच्याच जागी, रस्त्याच्या कडेला बसलेल्या. दोन दिवस त्या आत उभ्या राहिल्या होत्या म्हणे. मासे कापायची विळी पायाखाली दाबून धरावी लागते, तेव्हा कुठे दोन्ही हात मोकळे होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. उभ्यानं विळी धरणार कशी? आणि पहाटे बंदरावर जाऊन माल उचललेली बाई दुपारपर्यंत उभी राहणार कशी? काहींनी सरळ ओट्यावर चढून बघितलं होतं. पण दोन फूट रुंदी, त्यात मध्ये सिंक, त्यावर बाई मावेना. बाहेर बसलेल्यांतली एक, चाळीस-पंचेचाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू, तिने मला हाक मारली. "ये गो बाय. तूच ना ती बांधनारी?" माझ्या तोंडाकडे बघून ती आणखी मोकळी हसली. "ह्याला ओटा म्हनतंस? अगो, ओट्यावर मानसा बसतान!"

मला लख्ख कळलं. एका शब्दात कळलं. कोळीवाड्यात प्रत्येक घरापुढे ओटा होता. संध्याकाळी बायका जाळी विणायला बसायच्या तो ओटा. मुलं अभ्यासाला बसायची तो ओटा. मी त्याच ओट्यांवरून चार वेळा चालत गेले होते. त्यांनी मागितला होता बसायचा ओटा. मी बांधून दिला माझ्या आईचा स्वयंपाकाचा ओटा.

त्याच वेळी एक अर्ज केला असता, चूक कबूल केली असती, तर दुरुस्ती झाली असती. मी केला नाही. 'बाईमाणसाला काम दिलं की असं होतं' हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येक मुलीला ते ऐकवलं जाईल, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. नव्या दगडाचा आग्रह मी सोडून दिला आणि जुन्या दगडावर आपलं नाव नाही याबद्दल मनात देवाचे आभार मानले. कोळीवाड्यात त्या इमारतीला 'उभा बाजार' म्हणू लागले. पुढे तिथे मंडपाचे बांबू राहिले, मोटरसायकली राहिल्या, बायका राहिल्या रस्त्यावर.

काही वर्षांनी मी शिकवायला लागले. शीळफाट्याच्या पुढे एक आर्किटेक्चरचं कॉलेज निघालं होतं, तिथे. आठवड्यातून दोन दिवस म्हणून गेले ती तिथलीच झाले. पहिल्या वर्गात दोनच मुली होत्या, शेवटच्या बाकावर, एकमेकींना चिकटून. मी त्यांना उचलून पहिल्या बाकावर बसवलं. आता वर्गात मुलगे शोधावे लागतात. याचं श्रेय मी एकटी घेत नाही, पण सगळं नाकारायला मी काही संत नाही.

माझ्या वर्गाची एक रीत होती. पहिले तीन महिने पेन्सिलीला हात लावायचा नाही. हातात टेप घ्यायचा आणि लोकांच्या घरी जायचं. माणूस ज्या स्थितीत काम करतो त्या स्थितीत स्वतः बसायचं, वाकायचं, उकिडवं व्हायचं, आणि मग मोजायचं. ठाकुर्लीच्या चाळीत, मानपाड्याच्या कामगारांच्या खोल्यांत, भाजीवाल्यांकडे, चांभाराकडे. "बस आणि मोज" हे माझं पालुपद. मुलं माझी नक्कल करायची, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसायची, ते मी दाराआडून बघितलं आहे आणि नक्कल चांगली होती. ठाकुर्लीच्या चाळीतलीच एक मुलगी माझ्याकडे शिकली. तिने पुढे आपल्या वस्तीतलं बुद्धविहार बांधलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांना उठताना आधार मिळावा म्हणून भिंतींना लाकडी पट्टी लावली. उंची तिने आपल्या आजोबांना उठबस करायला लावून ठरवली. मी ते बघायला गेले आणि रडले. 'मॅडमना ही पद्धत सुचली कशी?' असं लोक विचारत, तेव्हा मी 'अनुभवातून' असं म्हणून विषय बदलायची.

आणि मग चार वर्षांपूर्वी एक मुलगी शेवटच्या वर्षाचा विषय घेऊन माझ्या टेबलापाशी आली. हुशार, तोंडाळ, चालताना बांगड्या वाजवणारी. कोळीवाड्यातून आमच्याकडे आलेली पहिलीच.

"मॅडम, आमच्या गावात एक मासळीबाजार आहे, बंद पडलेला. तो पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचं चाललंय. आणि रस्त्यावरून बायकांना पण उठवणार. म्हणजे आजीला ना आत जागा, ना बाहेर. मी त्या बाजारावर प्रोजेक्ट करते ना."

कोणता बाजार, हे मी विचारलं नाही. "चांगला विषय आहे," मी म्हटलं, आणि तिला मार्गदर्शक म्हणून माझ्याऐवजी दुसऱ्या सरांचं नाव सुचवलं. माझ्याकडे फार मुलं झालीत, असं कारण दिलं. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांना टेप घेऊन लोकांच्या घरात घुसवणारी मी, त्या मुलीच्या गावात जायला घाबरले.

वर्ष संपलं आणि ज्युरीचा दिवस आला. ज्युरी म्हणजे आमच्याकडची तोंडी परीक्षा. मुलं आपापले आराखडे भिंतीवर लावतात, समजावून सांगतात आणि बाहेरून आलेले परीक्षक त्यांना सोलून काढतात. हॉल भरलेला होता. ती मुलगी उभी राहिली. भिंतीवर माझ्या बाजाराचे मोठाले फोटो. माझे पांढरे ओटे, त्यांवर रचलेले बांबू.

"या इमारतीचा आर्किटेक्ट कोण होता ते दगडावर नाही," तिने सुरुवात केली. "मी खूप शोधलं, जुन्या फायलींपर्यंत गेलेले, पण कुठे नाव मिळालं नाही. बरंच झालं म्हणा त्याच्यासाठी." हॉलमध्ये हशा. "त्याने आयुष्यात कधी मासळी विकत घेतली नसावी. त्याने कोळणीला कधी बसलेलं बघितलंच नाही. त्याला वाटलं, ओटा म्हणजे किचनचा ओटा."

परीक्षक पोट धरून हसत होते. त्यांच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, "कोण हा महाभाग!"

मी मागच्या खुर्चीत बसले होते. कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. गप्प बसले असते तर हा विषय तिथेच संपला असता, कायमचा. पण त्या 'त्याने'ने माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. उभं आयुष्य मी लोकांचं 'साहेब' दुरुस्त करत आले, 'मीच' म्हणत आले. यश असेल तेव्हाच 'मीच' म्हणायचं आणि चूक असेल तेव्हा ती खुशाल साहेबांच्या नावावर राहू द्यायची? मग त्या पाटीचा उपयोग काय?

मी उभी राहिले. "त्याने नाही," मी म्हटलं. "तिने."

मुलगी फोटोंकडून माझ्याकडे वळली.

"तो बाजार मी बांधला. दगडावर नाव नाही, पण नकाशावर सही माझी होती."

मग मी सगळं सांगितलं. आईचा ओटा, अंगठ्यांचा अर्ज, मिस्त्रींचा प्रश्न, नाकावरचा रुमाल. माझ्या विद्यार्थ्यांना त्या दिवशी कळलं की 'बस आणि मोज' कुठून आलं. शेवटी ते ज्येष्ठ परीक्षक सावरून बसत म्हणाले, "मग मॅडम, आता या इमारतीचं काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"मला नका विचारू. तिला विचारा. तिचा शेवटचा कागद अजून बाकी आहे."

मुलीचे डोळे भरले होते, पण तोंड जागेवर होतं. तिने शेवटचा कागद भिंतीवर लावला. त्यावर दोन आकृत्या होत्या. पाटावर बसलेली तिची आजी, आणि समोर उभं असलेलं गिऱ्हाईक.

"मॅडम, मी बसले आणि मोजलं," ती म्हणाली. "रस्त्यावर आजी खाली बसते आणि गिऱ्हाईक वरून बोलतं. दिवसभर मान वर करून भाव सांगते ती. आजी जर बत्तीस इंच वर बसली, तर तिचे डोळे आणि उभ्या माणसाचे डोळे एका रेषेत येतात. म्हणजे ओट्याची उंची बरोबर आहे. बाई तेवढी चुकीच्या जागी उभी केलीय."

ती पुढे झाली आणि बाजार मोजून तिने काढलेल्या नकाशावर, बायकांना उभं राहायला मी जी जागा ठेवली होती, त्यावर तिने हात ठेवला. "सिंक काढायचं. ही मागची जागा भरून घ्यायची. ओटा साडेचार फूट रुंद होतो. कडेने पायऱ्या. बाई वर बसली, विळी पायाखाली, मासळी पुढे. पाडायची गरजच नाही." मग एकदम लाजून म्हणाली, "आणि मॅडम, तुमचा उतार एक नंबर आहे. मी वीस बादल्या ओतून बघितलं. पाणी कुठ्ठे साचत नाही."

ज्या बाईने हॉलभर लोकांसमोर तीस वर्षांची चूक न रडता सांगितली, ती नाल्याच्या उताराच्या कौतुकाने ढसाढसा रडली. काय करणार, आर्किटेक्टची जातच अशी.

पुढचं वर्ष मी आणि त्या मुलीने मिळून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या. कोळणींची संस्था आमच्यासोबत होती, आणि दहा कोळणी एका साहेबांच्या केबिनबाहेर बसल्या की कागद किती झपाझप हलतात हे बघण्यासारखं असतं. प्रत्येक दारात आता मीच विचारत होते, "साहेब कुठे आहेत?" आतून तीनदा बाई निघाल्या, त्यातल्या एक माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. पाडायचा बेत मागे पडला. दुरुस्तीला परवानगी मिळाली.

या वेळी मी कागदावर विश्वास ठेवला नाही. काँक्रीट ओतायच्या आधी आम्ही विटा आणि फळ्या मांडून एक नमुन्याचा ओटा उभा केला आणि मुलीच्या आजीला बोलावलं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, काठी टेकत आली. कपाळावरचं कुंकू तेच होतं. तिने माझ्याकडे एकदाच निरखून बघितलं आणि म्हणाली, "तूच गो ती! उभ्या बाजाराची बाय!"

"मीच," मी म्हटलं. आयुष्यात इतक्या समाधानाने ते कधी म्हटलं नव्हतं.

"हे मला का नाही सांगितलंस?" असं नातीने विचारलं तर आजी म्हणाली, "तू कवा इचारलंस?" मग ती वर चढली, पाट घेतला, विळी लावली आणि आम्हाला कामाला जुंपलं. पायरी उंच हाय, कमी करा. पुढची कड चार बोटं खाली घ्या, बर्फाचं पानी मांडीवर येतंय. मुलगी मोजत होती, मी लिहून घेत होते. मिस्त्री नवे होते, तरणे. मी त्यांना मुद्दाम विचारलं, "तुम्हाला काही वाटतंय का? बोला." ते म्हणाले, पायऱ्यांची फरशी गुळगुळीत नको, खरबरीत घ्या, बायका ओल्या पायांनी चढणार. घेतली.

गेल्या हिवाळ्यात बाजार पुन्हा सुरू झाला. मी आणि मुलगी सकाळी सातलाच पोचलो. पाहुणे यायचे होते, पण कोळणी पाहुण्यांसाठी थांबणाऱ्यांतल्या नाहीत. बारा ओट्यांवर बारा जणी बसलेल्या. पापलेटं, बोंबील, खाडीतले निवटे, कोळंबीचे ढीग. हिरवी-लाल लुगडी, आरडाओरडा, घासाघीस, विळ्यांचा आवाज. मी दारातच उभी राहिले. तीस वर्षं जे बघायचं राहून गेलं होतं ते समोर होतं.

पाहुणे आले. पुढे चालणारे कार्यकर्ते इकडेतिकडे बघत विचारू लागले, "आर्किटेक्ट साहेब कुठे आहेत? फोटो घ्यायचाय." मी तोंड उघडायच्या आत आजी ओट्यावरून कडाडली, "साहेब कसला रं? ह्या दोघी हायत! ही नातीन माझी, आनि ही तिची बाई!" सगळा बाजार हसला. कार्यकर्त्यांनी मुकाट्याने आम्हाला मधोमध उभं केलं. फोटो निघाला.

मग आजीने मला हाक मारली. "उभी का तू? वर ये. बस."

गुडघे कुरकुरले, पण पायऱ्या नीट होत्या, खरबरीत. मी वर चढले आणि तिच्या शेजारी, मीच काढलेल्या ओट्यावर, पाटावर बसले. रुमाल पिशवीत होता, तो तिथेच राहू दिला. वास येत होता, मासळीचाच, ताज्या मासळीचा. समोरून पिशवी घेतलेले एक गृहस्थ आले. आजी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भाव करण्यात गुंतली होती, म्हणून ते माझ्यासमोर थांबले. ना मान खाली घालावी लागली, ना माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघितलं त्यांनी. सरळ माझ्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं,

"ताई, पापलेट कसं दिलं?"